शिवून गेलं

मीनिंगमामाला कुठल्याही इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारा, तो डिक्शनरी उघडायचा नाही. डोळे मिटायचा, हनुवटी वर करायचा आणि अर्थ असा सांगायचा की विचारणाऱ्याला वाटावं, हा शब्द मामाच्याच घरी लहानाचा मोठा झाला. "डिक्शनरी बघतात ती कच्ची माणसं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वर्तमानपत्राच्या कचेरीत प्रुफं तपासण्यात त्याची सगळी नोकरी गेली आणि त्यातली सव्वीस वर्षं दर रविवारी त्याचं सदर छापून आलं. एक इंग्रजी शब्द किंवा वाक्प्रचार, त्याचा अर्थ, तो कुठे वापरावा, कुठे वापरून आपलं हसं करून घेऊ नये, आणि शेवटी एक वाक्य करून दाखवलेलं. मीनिंगमामा हे नाव त्याच्या भाच्यानं ठेवलं होतं, चौथीत असताना. ते आधी गल्लीनं उचललं, मग कचेरीनं, आणि पुढे तर पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायला लागला.

लोकांना सदर आवडायचं, कारण मामा नुसता अर्थ टेकवून मोकळा होत नसे. आपल्याकडे कुणी पाय ओढला तर माणूस खाली आपटतो, इंग्रजीत पाय ओढला तर नुसती थट्टा; तेव्हा साहेब 'मी तुझा पाय ओढत होतो' म्हणाला तर राजीनामा लिहू नका, असं तो लिहायचा. इंग्रजीत नवरीचे पाय गार पडले तर लग्न मोडतं, आपल्याकडे पाय गार पडले तर डॉक्टरकडे पळतात, असंही त्यानं एकदा लिहिलं होतं. लोक कात्रणं काढून ठेवायचे. सगळ्यात जास्त कात्रणं त्याच्या ताईकडे होती. ताईला इंग्रजीचा गंध नाही, पण सदर मराठीतलं, त्यामुळे एकही रविवार तिनं चुकवला नाही. कात्रणांच्या अकरा वह्या भरल्या होत्या तिच्या.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर एका प्रकाशकाला त्या सदराचं पुस्तक करायची बुद्धी झाली. ए ते झेड, चारशे पानं. मामाचे पाय जमिनीवर ठरेनात. नवीन चष्मा काय केला, प्रकाशकाकडे जाताना इस्त्रीचा शर्ट काय घालायला लागला, विचारू नका. ए पासून एस पर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. टी आला आणि घोडं पेंड खायला लागलं.

प्रकाशकाकडे पुस्तकाचं काम बघणारी बाई तिशीची, चष्मा डोक्यावर चढवून ठेवणारी आणि भलतीच चिकट होती. एकदा धरलं की सोडणं नाही. तिनं त्या दिवशी मामापुढे टीची पानं पसरली.

"सर, टच वुड आहे, टच बेस आहे, टच अप आहे. टच अँड गो कुठंय?"

"नसेल लिहिलं," मामा म्हणाला.

"सव्वीस वर्षांत?"

"सगळी भाषा काय रविवारी-रविवारी संपते होय?"

बाई हसली नाही. तिनं खणातून वाचकांच्या पत्रांची फाईल काढली आणि त्यातली पत्रं एकेक करून टेबलावर मांडली. सात होती. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला कारकून, एक परीक्षेला बसलेली मुलगी. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, टच अँड गो म्हणजे नेमकं काय. आणि प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं होतं, 'नंतर'.

"हे अक्षर तुमचंच ना?"

आता छत्तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासलेला माणूस आपलं अक्षर नाही कसं म्हणणार? मामानं पत्रं गोळा केली आणि म्हणाला, "तो शब्द वगळा."

"असं कसं? यातच तर लोक चुकतात. तुम्हाला कंटाळा आला असेल तर मी लिहिते, दोन ओळींचं काम. सोमवारी पानं छपाईला लागणार आहेत."

मामानं मान हलवली, होय की नाही ते तिला कळलं नाही, आणि तो चहा न घेताच उठला. बाईला वाटलं, म्हाताऱ्याला राग आला. रागाचा प्रश्नच नव्हता. पुस्तक निघालं की पहिली प्रत ताईच्या हातात पडणार, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून वाचणार, आणि टीच्या पानावर तिचं बोट थांबणार, हे मामाला स्वच्छ दिसत होतं. कारण सगळ्या इंग्रजी भाषेतला ताईला पाठ असलेला एकच वाक्प्रचार होता, आणि तो नेमका हाच होता.

तो तिला मामानंच शिकवला होता. पंधरा वर्षांपूर्वी.

ताईचा नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगा, आणि पोटाला शिवणकाम. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं टाकून तिनं शाळांचे गणवेश शिवले आणि पोराला शिकवलं. तो शिकला, परदेशात गोदीवर नोकरीला लागला, एका बाईंच्या घरात खोली घेऊन राहिला. ताई त्याच्याकडे एकदा महिनाभर राहूनही आली. त्याला दुसऱ्या वर्षी, सत्तावीस वर्षांचा असताना, कसला तरी ताप चढला आणि तो रक्तात उतरला. घरमालकीण बाईंनी मामाला ईमेल केला, कारण घरचा पत्ता म्हणून भाच्यानं मीनिंगमामाचाच पत्ता देऊन ठेवला होता. चार ओळी होत्या. तुमच्या भाच्याला आज सकाळी इस्पितळात नेलं. डॉक्टर करता येईल ते सगळं करताहेत. इट इज टच अँड गो. तुम्हाला कळवावं असं वाटलं.

मामानं ताईला बोलावून घेतलं. ती मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून धावत आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. "काय लिहिलंय रे? वाच ना लवकर."

खरं सांगायचं तर मामाला तो वाक्प्रचार माहीत नव्हता. कधी वाचला असेल तर आठवत नव्हता. डिक्शनरी हाताच्या अंतरावर होती, नुसता हात लांब करायचा अवकाश. पण ताई मागे उभी होती, जिनं आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं की माझ्या भावाला डिक्शनरी लागत नाही. काय वाटलं असेल ते असो, त्यानं डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि शब्द सोडवला. टच म्हणजे शिवणं. गो म्हणजे जाणं.

"शिवून गेलं, ताई," तो म्हणाला. "टच अँड गो. आजार नुसता शिवून गेला. जिवावरचं बोटावर निभावलं म्हण."

ताईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि रडता रडता हसली. "शिवायचं काम आमचं, त्या मेल्या आजाराला कुणी सांगितलं होतं शिवायला!" मग डोळे पुसून म्हणाली, "तरी जाऊ का रे मी? पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का अजून चालू आहे. दीड दिवसात पोचेन."

"कशाला उगाच धावपळ? तू पोचायच्या आत तो घरी येऊन बसेल, आणि वर तुलाच ओरडेल."

भाच्याचा फोन बंद होता. इस्पितळात फोन बंदच ठेवतात, असं मामा म्हणाला. मग त्यानं घरमालकीण बाईंना झोकदार इंग्रजीत उत्तर लिहिलं, आपल्या कृपाळू पत्राबद्दल आभारी आहोत, हे वाचून आम्हाला फार हायसं वाटलं. त्या बाईंनी ते वाचलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? एक पोर मरणाच्या दारात, आणि त्याच्या मामाला हायसं वाटतंय!

पाच दिवसांनी दुसरा ईमेल आला. गेला. पाच दिवस झुंजला आणि गेला. तेव्हा मामानं हात लांब करून डिक्शनरी काढली. जगतो की मरतो अशी अवस्था, असं तिथे लिहिलं होतं. क्षणाचा भरवसा नसणं.

चूक कुणाच्या हातून होत नाही? प्रुफं तपासणाऱ्याला तर ते वेगळं सांगायला नको. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर ताई रडली असती, भांडली असती, वर्षभर तोंड बघितलं नसतं, आणि कदाचित ते निस्तरलं असतं. पण मामानं चुकीवर खोट्याचं ठिगळ लावलं. "बरा झाला होता गं," तो म्हणाला. "एकाएकी उलटलं. झोपेतच गेला." ताईनं ते धरून ठेवलं. कुणी विचारलं की सांगायची, टच अँड गो झालं होतं हो माझ्या लेकराचं, आणि मग हे असं झालं. इंग्रजी जाणणारे माना हलवायचे. वाक्य तर बरोबरच होतं. तिच्या मनातला अर्थ तेवढा उलटा होता, आणि तो उलटा आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं.

रविवारी दुपारी मामा ताईकडे निघाला. सोमवारी पानं लागणार होती. तिला पुस्तकातून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं, एवढं तरी त्याला करायचं होतं. वाटेत त्यानं सुरुवातीची वाक्यं जुळवून पाहिली. 'ताई, एक सांगायचं राहिलं.' राहिलं काय, पंधरा वर्षं? 'ताई, माझी एक चूक झाली.' एक? चारशे पानं लिहिलेल्या माणसाला एक धड वाक्य सुचेना.

ताई आता एकोणसत्तर वर्षांची होती. गणवेशाचं काम बंद केलं होतं, एक मशीन विकलं होतं, दुसरं खिडकीपाशी होतं. ती जुन्या चादरीच्या पिशव्या शिवत बसली होती. त्याला बघून तिनं पायाची हालचाल थांबवली.

"या, लेखक महाशय! कुठवर आलं पुस्तक?"

"टी पर्यंत."

"मग आमचं येणार म्हण की," ताई म्हणाली. "टच अँड गो. वहीत कुठे सापडत नाही बघ, मी चारदा शोधलं. म्हटलं, माझ्यासाठीच लिहिलं नसशील तू. मला वाईट वाटेल म्हणून." तिनं कापडावरचा दोरा झटकला. "पण मला नाही रे वाईट वाटत. उलट तेवढाच धीर आहे. आजार शिवून गेला, पोरगं दोन दिवस बरं वाटून हसलं-बोललं असेल, आणि झोपेत गेलं. फार सोसावं लागलं नाही त्याला. तू लिही खुशाल."

मामा स्टुलावर बसला. आता गप्प बसून उठून जाणं किती सोपं होतं! बाईला सांगून शब्द काढून टाकता आला असता. प्रकाशकाशी भांडता आलं असतं. ताईच्या जिवाला एवढासा आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा, असं स्वतःला समजावताही आलं असतं, आणि समजावण्यात मामाचा हात कोण धरणार? पण त्यानं मान वर केली तर ताई त्याच्याकडेच बघत होती, त्याच्यावरच्या त्या जुन्या विश्वासानं, आणि ते त्याला सोसवेना.

"ताई, त्याचा अर्थ तो नाही."

"कशाचा?"

"टच अँड गोचा. मला माहीत नव्हता. मी ठोकून दिला." तो खाली बघून बोलत होता. "जगतो की मरतो असं झालंय, असं लिहिलं होतं त्या बाईंनी. बरा झाला नव्हता तो. एक दिवसही झाला नव्हता. झोपेत गेला हेही मीच रचलं. पाच दिवस झुंजत होता तो, ताई."

मशीनच्या चाकावर ताईचा हात होता. तो तिनं काढला नाही. मग तिनं जे विचारलं त्याची मामानं तयारी केली नव्हती.

"पाच?"

"पाच."

"दीड दिवस प्रवास," ताई म्हणाली. तिनं बोटांवर मोजलं, मापं मोजावीत तसं. "म्हणजे साडेतीन दिवस मिळाले असते मला."

मामा रडायला लागला. साठी उलटलेला बाप्या, पण हुंदके आवरेनात. ताईनं त्याला गप्प केलं नाही. लहानपणी तो पडला की धावत यायची, गुडघ्यावर फुंकर मारायची. आज ती जागची हलली नाही.

"आपण नंतर तिकडे गेलो होतो," ती म्हणाली. "त्याचं सामान आणायला. ती घरमालकीण बाई माझे दोन्ही हात धरून बोलत होती, आठवतं? किती वेळ बोलली. रडत होती. आणि तू मला काय सांगितलंस? 'म्हणतात, फार चांगला मुलगा होता.' मला तेव्हाच वाटलं होतं, एवढ्या लांब बोलण्याचा एवढासाच अर्थ कसा? पण म्हटलं, इंग्रजी भाषा तशीच असेल. माझ्या भावाला कळतं." ती थांबली. "काय म्हणत होती ती?"

"ताई, नको."

"मीनिंग सांग."

मामानं चष्मा काढला. पंधरा वर्षांत एक शब्द विसरला नव्हता तो. "म्हणाल्या, रोज विचारायचा. शुद्ध आली की पहिलं तेच विचारायचा, आई निघाली का. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, हो, निघाली. मग माझं उत्तर आलं. मग त्यांना काय सांगावं ते कळेना. म्हणाल्या, तुम्ही का नाही आलात, हे मी त्याला कसं सांगणार होते?"

ताई उठली. खिडकी लावली, पुन्हा उघडली. ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायली, भांडं उपडं घातलं. मामाला वाटलं, आता ही आपल्याला चालता हो म्हणणार. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

ती परत येऊन मशीनपाशी बसली.

"प्रत्येक शब्दाला शेवटी तू एक वाक्य करून देतोस ना? कसा वापरायचा ते कळायला?"

"हो."

"याला केलंस?"

"नाही सुचलं."

"कागद घे. मी सांगते, तू इंग्रजीत कर." तिनं हात मांडीवर ठेवले. "त्या आठवड्यात माझ्याकडे चाळीस गणवेश होते. मुदतीच्या आधी पुरे केले. मला पक्कं आठवतं, कारण इतक्या वर्षांत कधी नाही ती मी मशीनवर बसून गाणी म्हणत होते. शेजारीण म्हणाली, आज काय विशेष? म्हटलं, माझं लेकरू वाचलं." तिनं कागदाकडे बोट दाखवलं. "लिही. पाच दिवस टच अँड गो होतं, आणि त्याची आई गाणी म्हणत होती."

"ताई, हे पुस्तकात..."

"लिही."

मामानं पिशवीतून पेन्सिल काढली आणि लिहिलं. खोडून पुन्हा लिहिलं.

"वाच."

"फॉर फाइव्ह डेज इट वॉज टच अँड गो, अँड हिज मदर वॉज सिंगिंग."

"मदर कळलं मला," ताई म्हणाली. "आता अर्थ सांग. नीट, पुस्तकात सांगतोस तसा."

मामानं कागद डोळ्यांजवळ धरला. "पाच दिवस," तो म्हणाला, "पाच दिवस त्याचा क्षणाचा भरवसा नव्हता, आणि..." त्याच्यानं पुढे वाचवेना.

"आणि त्याची आई गाणी म्हणत होती," ताईनं वाक्य पुरं केलं, आणि त्याच्या हातातला कागद घेऊन एकदा वरून खाली बघितला, जणू तिला तो वाचता येत होता.